खोली एकशे चारच्या खिडक्या

सोनुन एजे अजूनही एकशे चार नंबरच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करते. खोली रिकामी आहे हे तिला ठाऊक असतं, किल्ली तिच्याच हातात असते. तरी टकटक करते, क्षणभर थांबते आणि मग किल्ली फिरवते. नवे शिपाई तिला हसतात. मी हसत नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर मी अठरा वर्षं बसलोय. आतून कुणाच्या आवाजाची ती वाट बघते, हे मला माहीत आहे.

आमचं बिझनेस स्कूल बिश्केकमधल्या एका जुन्या बालवाडीच्या इमारतीत भरतं. कोट अडकवायच्या खुंट्या अजून मांडीला लागतात, नळ वाकून सोडावे लागतात आणि अशा इमारतीत आम्ही पोरांना मोठमोठ्या कंपन्या चालवायला शिकवतो. मी संख्याशास्त्र शिकवतो, नाव तालाय. सोनुन एजे शिक्षण विभागात; मोठ्या बाईला आमच्यात मानाने एजे, म्हणजे ताई, म्हणतात. वेळापत्रक तिचं, शिक्के तिचे, आणि डिसेंबर-मे असे वर्षातून दोनदा पोरांकडून जे अभिप्राय भरून घेतात, ते वाचून, त्यांचं सार काढून संचालकांपुढे ठेवणंही तिचंच.

सार काढण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. 'सर वर्गात झोपतात' याचं ती 'सरांचा तास शांत वातावरणात होतो' असं करायची. 'कॅन्टीनचा सामसा खाऊन आम्ही तिघं दवाखान्यात गेलो' याचं 'कॅन्टीनच्या पदार्थांत सुधारणेला वाव आहे'. माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, 'हा माणूस फळ्याशी बोलतो, आमच्याशी नाही.' एजेने त्याचं 'विषयात रमलेले शिक्षक' केलं. मी ते घरी बायकोला वाचून दाखवलं होतं.

"एजे, हे खोटं आहे गं," मी एकदा म्हणालो.

"खोटं कुठाय? मोठ्यांच्या कानाला झेपेल असं केलंय. पोरं काय, तोंडाला येईल ते लिहितात. आपल्यात मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगतात का? लाज म्हणून काही आहे की नाही?"

मी हसलो, कारण मीही काही साव नव्हतो. तिच्या सारापुढे आकडे मी जोडायचो. पाचपैकी चार पूर्णांक दोन, पाचपैकी चार पूर्णांक तीन. एखादं पोर फारच कमी गुण देऊन गेलं, तर 'अपवाद' म्हणून मी ते सरासरीतून काढून टाकायचो. शास्त्रात तशी सोय आहे. त्या सोयीची मला आता किळस येते.

तीन वर्षांपूर्वी आमचे संचालक एर्मेक असानोविच परदेशातून कसलीशी परिषद करून आले आणि पर्यावरण घेऊन आले. आपल्या स्कूलला हिरवं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे, म्हणाले. त्यासाठी बाहेरून समिती येणार होती, आणि समितीला बघायचं होतं की इथे विद्यार्थ्यांचं ऐकून सुधारणा होतात का. मग अभिप्रायाच्या कागदावर एक नवा प्रश्न आला : 'पर्यावरणासाठी आपल्या स्कूलमध्ये काय बदलावं?' पोरांनी लिहिलं, कागदी कप बंद करा, झाडं लावा, सायकली ठेवायला जागा द्या. एर्मेक असानोविच खूश. कपाचं तर पुढच्याच आठवड्यात झालं.

त्याच गठ्ठ्यात जांभळ्या शाईतली एक चिठ्ठी होती. गोल, नीट, शाळकरी अक्षर. 'एकशे चारमध्ये धूर येतो. तास संपेपर्यंत डोकं दुखतं, छाती भरून येते. झाडं मागून लावा, आधी हे बघा.'

एजेने सार काढलं : 'विद्यार्थ्यांना वर्गातल्या हवेविषयी आस्था आहे.' मी त्या चिठ्ठीवरचे दोन गुण अपवादात टाकले.

पण सोनुन एजे नुसतं सार काढून बसणारी बाई नव्हती, हेही सांगायला हवं. बिश्केकच्या हिवाळ्यात धूर कुठे नसतो? अंगणातल्या भट्टीत कोळसा, शेजारच्या घरात कोळसा, सकाळी समोरची चिनारांची रांगसुद्धा दिसत नाही. तिने ठरवलं, धूर खिडक्यांच्या फटीतून येतोय. ऑक्टोबरात आम्ही सगळेच खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवतो, पण त्या डिसेंबरात एकशे चारला तिने स्वतः जाऊन दुहेरी पट्ट्या लावल्या. पिठाची खळ घरून करून आणली होती. पट्ट्या कापल्या होत्या जुन्या अभिप्रायांच्या कागदांतून, कारण तो कागद जाड असतो आणि टाकायला तिच्या जिवावर येतं. एर्मेक असानोविचनी तेही अहवालात घातलं : कागदाचा पुनर्वापर.

मे महिन्यात तेच अक्षर पुन्हा आलं. 'पट्ट्या लावल्यावर धूर वाढला. खिडकी किंचित उघडी असली की बरं वाटतं. धूर बाहेरचा नसावा.'

हे वाचून एजे हसली होती. "पोरगी डोंगरातली दिसते. यांना उघड्यावर झोपायची सवय." अभिप्रायावर नाव नसतं, पण अठरा वर्षं वह्या-हजेऱ्या बघणाऱ्या बाईला अक्षर ओळखायला कितीसा वेळ लागतो? ती होती अकिलाय, हिशेबशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची, डोंगरातल्या आत-बाशीकडची. बारीक चणीची, पुढच्या बाकावर बसणारी, खोकला आला की तोंडावर दोन्ही हात धरणारी मुलगी.

पुढच्या ऑक्टोबरात पट्ट्या लावायच्या आधी एजेने तिला आमच्या खोलीत बोलावलं. चहा दिला, पुढे पाव मोडून ठेवला. मी तिथेच होतो.

"बाळ, खिडकी उघडी ठेव म्हणतेस, पण वाऱ्याची झुळूक कशी असते ठाऊक आहे का तुला? पाठीत भरली की पाठ जन्माची जाते. उद्या लग्न व्हायचं, पोरंबाळं व्हायची. तुझी आई मला काय म्हणेल?"

अकिलायने कपात बघत मान हलवली.

"डोकं दुखतं ते उपाशी राहता म्हणून. सकाळी काय खाल्लंस?"

"खाल्लं, एजे."

"मग लावू ना पट्ट्या?"

"बरं, एजे. तुम्हाला जास्त कळतं."

एजेने तिचा गालगुच्चा घेतला आणि जाताना तिच्या कोटाच्या खिशात साखरेचे खडे कोंबले. पोरगी शहाणी आहे, वळण आहे, असं मला दोनदा म्हणाली. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

फेब्रुवारीत अकिलाय गेली. वसतिगृहाच्या जिन्यात तिला दम लागला. रुग्णवाहिका आली, दवाखान्यात चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी तिला गावी घेऊन गेले. छाती मुळात कमजोर होती, त्यात या शहराची हवा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढली, एक मिनिट उभे राहिलो. एकशे चारमध्ये तास चालू राहिले.

त्यानंतर सोनुन एजेला वास येऊ लागला.

"तालाय, काहीतरी जळतंय रे?"

"नाही गं."

"केसांना येतोय बघ. तीनदा धुतले."

पावाला वास, शालीला वास, नातवाच्या टाळूला वास. मग खोकला ऐकू यायला लागला. एकशे चारला कुलूप असलं की आतून छोटे दोन खोकले, तोंडावर हात धरल्यासारखे दबलेले. ती दार उघडून बघायची, बाकं मोजायची, परत यायची. मी तिला म्हणायचो, नळाचे पाइप आहेत, जुनी इमारत आहे. मार्चमधल्या एका दुपारी ती सुट्टीवर असताना मीही त्या दारापाशी उभा होतो आणि मलाही ऐकू आलं. तेव्हाही मी स्वतःला पाइपच म्हणालो. पण त्या दिवशी मी मागच्या जिन्याने घरी गेलो.

तिची सून अनारा मला बाजारात भेटली, ती घाबरलेली होती. आमच्यात गुरुवारी तेल तापवून त्यात कणकेचे तुकडे, बोर्सोक, तळतात. गेलेल्यांना जेवण पोचत नाही, तळणाचा वास पोचतो, म्हणून. वास सुटला की नावं घ्यायची आणि हात तोंडावरून फिरवायचे. सोनुन एजेने आयुष्यात एक गुरुवार चुकवला नव्हता.

"बायके, आईंनी चूल बंद केलीय," अनारा म्हणाली; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात बायके म्हणतात. "मी विचारलं, तेल तापवू का? तर नको. तीन गुरुवार झाले. मी म्हटलं, तुमच्या आईसाहेब तिकडे वाट बघत असतील. तर म्हणाल्या, तिकडे ती पोरगीपण आहे. एका गुरुवारी तिचं नाव घेऊन बसलेय मी. आता वास तिच्यापर्यंत जाणार. तिला आधीच श्वास घेता येत नाही, तिला आणखी धूर पाठवू?"

मी कांद्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

एप्रिलात पट्ट्या काढतात. गरम पाण्यात फडकं भिजवायचं, कागद भिजवायचा, सोलायचा. एकशे चारला मी एजेबरोबर गेलो, कारण ती एकटी जाईना. दोन खिडक्या झाल्या. तिसऱ्या खिडकीच्या बिजागरीजवळ दोन पट्ट्या वेगळ्या होत्या, मागाहून लावलेल्या. पाणी लागल्यावर कागदाच्या आतून जांभळी अक्षरं वर आली.

एजे एकदम खाली बसली. मी त्या पट्ट्या सोलून बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. मधला एक तुकडा फाटला, पण वाचता आलं.

'एजे, हे तुम्हीच वाचता म्हणून तुम्हालाच लिहिते. समोर बोलायला जीभ रेटली नाही, माफ करा. धूर कपाटामागच्या भिंतीतून येतो. मी हात लावून बघितला. भिंत गरम आहे आणि काळी आहे. एक खिडकी तरी मोकळी ठेवा.'

"हे कधीचं?" मी विचारलं.

"डिसेंबरचं."

"तू वाचलं होतंस?"

"वाचलं होतं." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "मला राग आला रे. माझ्यासमोर बसून चहा प्याली, बरं एजे म्हणाली, आणि मागून कागदावर उलट लिहिते. मला वाटलं, एवढंसं पोर आणि मला शिकवते. त्याच दिवशी इथल्या दोन पट्ट्या सुटल्या होत्या. कात्री हातात होती. तोच कागद कापला."

तिला बोल लावायचा मला अधिकार नव्हता. त्या कागदावरचे गुण डिसेंबरात माझ्याकडे आले होते, पाचपैकी एक, आणि मी ते अपवादात टाकले होते.

मी अंगणातून भट्टीवाल्या जुमाशला बोलावून आणलं. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागची भिंत जमिनीपासून छातीपर्यंत काळी होती आणि मधोमध बोट जाईल एवढी भेग.

जुमाशने टोपी मागे सारली. "ही भट्टीची नळी. बालवाडी होती तेव्हा इथे धुणीघर होतं, कपडे वाळवायला नळी भिंतीतून नेलीय. तडकली वाटतं."

"तुला माहीत होतं?" एजे म्हणाली.

"नळी माहीत होती. तडकल्याचं कोण सांगणार? मला म्हणाले कोळसा टाक, मी टाकला. आत कोण बसतं, काय होतं, मला कुणी विचारलं का कधी?"

एजेने भेगेला हात लावला. भट्टी बंद होऊन आठवडा झाला होता, भिंत गार होती. तिने हात तसाच ठेवला, आणि शेवटी जुमाशनेच तिला धरून बाजूला घेतलं.

एर्मेक असानोविच तासाभरात आले, बघून पांढरे पडले, आणि मग लगेच कामाला लागले. त्यांचं हे मी नाकारत नाही. महिन्याच्या आत नळी बुजली, अंगणातली कोळशाची भट्टी निघाली, गॅसचा बंब बसला. जुमाशला रखवालदार केलं. आणि दरवाजाशी एक हिरवा फलक लागला : 'तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं.' पहिल्या ओळीत कप, दुसऱ्या ओळीत सायकली, तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या सूचनेवरून खोली १०४ मधील धुराचा बंदोबस्त व कोळशाचा वापर पूर्ण बंद.'

समिती येण्याच्या आदल्या दिवशी एजे त्या फलकाखाली उभी होती.

"एर्मेक असानोविच, त्या पोरीचं नाव घाला. आणि तारीख घाला."

"सोनुन, अभिप्रायावर नाव नसतं."

"मग तारीख तरी. दोन हिवाळे सांगत होती ती."

"तारखेने काय होणार? ती मुलगी छातीच्या आजाराने गेली, डॉक्टरांनी लिहून दिलंय. सगळं शहर धुरात बुडालंय आणि तू एका भिंतीवर ढकलतेस. शंभर माणसांची पोटं या स्कूलवर आहेत, त्यात तुझंही आहे. सूचना आली, काम झालं. उद्या एवढंच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी समितीपुढे एजे धुतलेल्या शालीत उभी राहिली. तिने अभिप्राय कसे गोळा होतात ते सांगितलं, एकशे चारचं सांगितलं. रात्री ती माझ्या बायकोला फोनवर म्हणाली होती, उद्या मी सगळं बोलणार. मी मागच्या रांगेत बसलो होतो. समितीतल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "ही सूचना कधी आली होती?"

एजेने एर्मेक असानोविचकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आजही स्वतःला ते माफ केलेलं नाही.

"या वर्षी," एजे म्हणाली.

प्रमाणपत्र मिळालं. त्याची चौकट संचालकांच्या खोलीत आहे.

जूनमध्ये अकिलायची आई आली. बुबुसारा तिचं नाव. आमच्याकडे प्रवेश घेताना पोरांचा शाळेचा मूळ दाखला ठेवून घेतात, तो न्यायला आली होती. रुमालात बांधलेले कुरुत तिने आमच्या टेबलावर ठेवले. दही आटवून वाळवलेले ते पांढरे गोळे बघून एजेने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. मी चहा ओतला.

"बाहेर हिरवं काहीतरी लिहिलंय," बुबुसारा म्हणाली. "खोली एकशे चार. माझी मुलगी एकशे चारमध्येच बसायची ना? फोनवर सांगायची."

"हो," मी म्हणालो.

"मग धुराचं कुणी सांगितलं?"

मी उत्तर जुळवत होतो. पोरांनी, विद्यार्थ्यांनी, असं काहीतरी. त्याआधीच एजे बोलली.

"तुझ्या अकिलायने. तीनदा लिहिलं. पहिल्यांदा दोन हिवाळ्यांमागे. तिन्ही वेळा मी वाचलं. मी काही केलं नाही. खिडक्या लावून घेतल्या, त्याने वाढलंच. तिसरा कागद तर मी कापला." तिने खण उघडला आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या. "हे तिचं आहे. तू ने. मला काय म्हणायचं ते म्हण."

बुबुसाराने पुठ्ठा जवळ ओढला. ती बोट ठेवून सावकाश वाचत होती, ओठ हलत होते. एका जागी बोट थांबलं.

"एजे म्हणून लिहिलंय. ती तू का?"

"मी."

मला वाटलं, ही आता ओरडेल, कप भिरकावेल. मनातून मला तेच हवं होतं, आणि एजेलाही तेच हवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"घरी एकदाही बोलली नाही," बुबुसारा म्हणाली. "मी विचारायची, कसं आहे तिकडे? तर म्हणायची, ऊब आहे, आई. तू काळजी करू नको. ती गेल्यापासून मला एकच लागून राहिलं होतं, की परक्या शहरात माझ्या पोरीला सांगायला कुणीच नव्हतं." तिने पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "होतं की."

तिने चहा संपवला, दाखला आणि पुठ्ठा रुमालात बांधला, आणि आत-बाशीला जाणारी मारश्रुत्का गाडी चुकेल म्हणून उठली.